दूध तोडलेल्या वराह पिल्लांना प्रथिने कशातून द्यावीत?

दूध तोडल्यावर आठवडाभरात पिल्लांना हगवण लागली, की बहुतेक जण औषध शोधतात. आधी खाद्यातील सोयापेंड किती आहे ते पाहा. मादीच्या दुधातील प्रथिन पिल्लाला सहज पचते. सोयाबीनच्या काही प्रथिनांनी मात्र कोवळ्या आतड्याला सूज येते. न पचलेले प्रथिन पुढे मोठ्या आतड्यात कुजते आणि जंतू वाढतात. कच्चे सोयाबीन तर देऊच नये.

वसई-विरारच्या पशुपालकांना जवळचा पर्याय म्हणजे सुकी मासळी. अर्नाळा, पाचूबंदरच्या किनाऱ्यावर वाळणाऱ्या लहान मासळीत लायसिन भरपूर असते, आणि धान्याच्या खाद्यात नेमके तेच कमी पडते. अडचण मिठाची. खारवलेली मासळी घेऊ नका. बिनमिठाची, कडक वाळलेली, वाळू झाडलेली घ्या आणि दळून १०० किलो खाद्यात ३ ते ५ किलो मिसळा. पाणी दिवसभर हवेच. मीठ जास्त आणि पाणी कमी झाले तर पिल्ले झटके येऊन दगावतात.

शेंगदाणा पेंडीत लायसिन कमी असते, शिवाय आपल्या दमट हवेत तिला बुरशी लागून अफ्लाटॉक्सिन तयार होते. पावसाळ्यात पिल्लांना ती नकोच. दूध भुकटी उत्तम, पण महाग; पहिल्या आठवड्यापुरती थोडी वापरा.

हॉटेलचे उरलेले अन्न टाळा. त्यातील डुकराच्या मांसातून आफ्रिकन स्वाइन फीव्हर येऊ शकतो; भारतात तो २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात प्रथम आढळला.

नवे खाद्य दूध तोडण्याच्या दोन आठवडे आधीपासून चिमूटभर चाखायला ठेवा.