तोडलेला नळ आणि जुलाबाचे रुग्ण

पावसाळा आला की जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढतात, हे आम्हा डॉक्टरांना नवीन नाही. गेल्या वर्षी मात्र आठ दिवसांत एकाच गल्लीतली सहा मुले दवाखान्यात आली. "पाणी कुठले पिता?" असे विचारल्यावर एक आई खाली मान घालून म्हणाली, "डॉक्टरसाहेब, नळपट्टी थकली म्हणून नळ तोडला. मागच्या आडाचं पाणी आणतो." कोपऱ्यावरचा सार्वजनिक नळ आधीच बंद झालेला. थकबाकी अठराशे रुपयांची. सलाईन, औषधे आणि बुडालेली मजुरी धरून तीन दिवसांत त्याहून जास्त गेले.

पाणी फुकट येत नाही, हे मलाही कळते. पंपाचे वीजबिल, तुरटी, टीसीएल पावडर, कामगारांचे पगार यांना पैसा लागतोच. ऐपत असून वर्षानुवर्षे पट्टी थकवणारे बंगलेवालेही मला ठाऊक आहेत. (त्यांतले काही माझे रुग्ण आहेत, म्हणून अधिक लिहीत नाही!) पण ज्याची ऐपतच नाही, त्याचा नळ तोडून काय साधते?

तो माणूस पाणी पिणे सोडत नाही. आडावर जातो, ओढ्यावर जातो, नाहीतर मुख्य पाइपला भोक पाडून चोरून नळी जोडतो. वाचकहो, इथे जरा लक्ष द्या. आपल्याकडे पाणी तास-दोन तास येते, तेही बहुतेक गावांत दिवसाआड. पाणी बंद झाले की पाइपमधला दाब उतरतो आणि कच्च्या जोडातून बाहेरची घाण आत ओढली जाते. पाइप गटारातून गेलेला असेल तर गटाराचेच पाणी आत शिरते. कोणी नळाला मोटार लावली की आणखी जोरात. दुसऱ्या वेळी पाणी सुटले की तेच पाणी, पट्टी वेळेवर भरणाऱ्याच्या माठातही पोहोचते. कावीळ आणि विषमज्वर पावती पाहून घरात शिरत नाहीत.

शौचालयाच्या टाकीचेही तेच. मैला उपसणाऱ्या गाडीचे पैसे परवडत नाहीत, म्हणून टाकी तुडुंब भरली तरी लोक थांबतात आणि शेवटी ती उघड्या गटारात सोडतात. त्याच गटारात नळाचा पाइप असतो!

पाणी महाग झाल्यावर काय होते, याचा मोठा धडा दक्षिण आफ्रिकेने घेतला आहे. तिथल्या क्वाझुलू-नाताल प्रांतात १९८० च्या दशकातल्या दुष्काळात काही वस्त्यांना फुकट नळ दिले होते. पुढे ते बंद करून आधी पैसे, मग पाणी अशी पद्धत आणली. ज्यांना परवडेना ते नदीवर गेले. ऑगस्ट २००० मध्ये तिथे कॉलरा सुरू झाला. एक लाखाहून अधिक लोकांना लागण झाली, अडीचशेहून जास्त दगावले. २००१ पासून तिथल्या सरकारने गरीब कुटुंबाला महिन्याला सहा हजार लिटर पाणी मोफत देण्याचे धोरण आणले. म्हणजे रोज दोनशे लिटर, आपले तेरा-चौदा हंडे.

आपल्याकडे मोफतच द्या असे मी म्हणत नाही. पण पत्र्याच्या खोलीला आणि बागेला पाणी घालणाऱ्या बंगल्याला एकच ठोक पट्टी, हा कुठला न्याय? पहिले काही हंडे स्वस्त आणि पुढचे महाग असावेत. थकबाकीला हप्ते द्यावेत. आणि कोपऱ्यावरचा नळ कुणी कितीही अडगळ म्हटले तरी बंद करू नये. भुयारी गटार आले तर त्याच्या जोडणीलाही हाच हिशेब लावावा.

तोवर घरात पाणी चांगले उकळून, थंड करून प्यावे. जुलाब लागताच जलसंजीवनी सुरू करावी. पुडी नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे, चमचा चहाचा. मुलाचे जेवण आणि अंगावरचे दूध बंद करू नये. डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा मूल मलूल झाले, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये.

त्या आईला हप्त्यांसाठी अर्ज मीच लिहून दिला. दोन महिन्यांनी नळ पुन्हा जोडला गेला. तिच्या शेजारणीचा अजून तुटलेलाच आहे, आणि दोघींच्या मुलांचे खेळणे-खाणे एकाच अंगणात.