मुंबई–न्यूयॉर्क: किती लांब, किती तास?

मुलगा-सून न्यूजर्सीत असलेल्या घरांत तिकीट आलं की हिशेब सुरू होतो. मुंबईहून रात्री दीडला निघायचं, न्यूयॉर्कला सकाळी आठला उतरायचं, म्हणजे साडेसहा तास! येताना तिथून दुपारी बाराला निघून मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला, म्हणजे चोवीस! दोन्ही हिशेब चुकीचे. तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. उन्हाळ्याचा फरक धरला तर वरच्या प्रवासात जाताना 16 तास लागतात आणि येताना साडेचौदा.

मग हा दीड तास कुठे गेला? ‘पृथ्वी फिरते ना, म्हणून,’ असं चांगली शिकलेली माणसंही ठणकावून सांगतात. पण पृथ्वी फिरते पूर्वेकडे. तिच्या फिरण्याने वेळ वाचत असता, तर तो अमेरिकेला जातानाच वाचायला हवा होता. न्यूयॉर्कच आपल्याकडे सरकत आलं असतं! प्रत्यक्षात हवाही पृथ्वीबरोबर फिरते, त्यामुळे तसा फायदा कुठेच मिळत नाही. फरक पडतो तो वाऱ्याने. साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचे वेगवान वारे वाहतात. येताना ते पाठीशी असतात, जाताना तोंडावर. फेब्रुवारी 2020 मध्ये याच वाऱ्यांवर स्वार होऊन ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला 5 तासांच्या आत पोचलं होतं.

अंतर कमी तर वेळ कमी, हाही असाच पक्का समज. ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अंतर सुमारे 1,400 किलोमीटरने वाढून 15,300 झालं, तरी जवळजवळ दोन तास वाचले. वारा पाठीशी होता, एवढंच.

आता नकाशा. मुंबईहून न्यूयॉर्कला पट्टीने रेघ मारली तर ती उत्तर आफ्रिकेवरून जाऊन अटलांटिक ओलांडते आणि तीच सरळ वाट वाटते. पण ती भरते 14,000 किलोमीटरच्या वर. गोल पृथ्वीवरची सर्वांत जवळची वाट सुमारे 12,500 किलोमीटरची. ती फिनलंड, आइसलँडवरून आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून जाते. सीटसमोरच्या पडद्यावर उगाच वळसा घातल्यासारखी दिसते, म्हणून प्रवासी बुचकळ्यात पडतात.

अर्थात विमान दर वेळी नेमकं याच वाटेने जातं असं नाही. वारे, वादळं आणि शेजाऱ्यांशी असलेले संबंध यांवर ते ठरतं. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी वाटेत व्हिएन्नाला उतरावं लागलं.

तेव्हा कुणाला आणायला विमानतळावर जायचं असेल, तर अंतराला वेगाने भागून वेळ काढू नका. त्या दिवशीची उतरण्याची अपेक्षित वेळ बघा आणि मगच घरातून निघा.