घुमट आरती : वाड्याचा बिनपगारी वाद्यवृंद

गोव्यात चवथीच्या दिवसांत संध्याकाळनंतर कुठल्याही गावात जा, घुमटाचा आवाज कानावर येतोच. एका घरची आरती आटोपली की मंडळी पुढच्या घरी निघतात. यांना कोणी बिदागी देत नाही आणि यांचा कोणी नेमलेला गुरूही नसतो. शेतकरी, दुकानदार, सरकारी नोकर, कॉलेजातली मुले असे सगळे मिळून हा वाद्यवृंद होतो.

यातली वाद्ये मुख्यतः तीन. घुमट म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडे असलेले मातीचे मडके. त्याच्या मोठ्या तोंडावर कातडे ताणून बसवतात. एका हाताने कातड्यावर थाप द्यायची आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने मागचे लहान तोंड झाकत-उघडत नाद कमीजास्त करायचा. शामेळ काठ्यांनी वाजते. घुमटे एकाच वेळी अनेक असली तरी शामेळाच्या ठोक्यावर सगळी एकत्र राहतात. तिसरे कासाळे, म्हणजे धातूची झांज. आरत्या बहुतेक मराठी असतात. घरात, देवळात बोली कोकणी आणि आरती मराठी, हे गोव्यातल्या हिंदू समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. संथ लयीत सुरू झालेली आरती हळूहळू चढत जाते आणि शेवटी गाणाऱ्यांपेक्षा वाजवणारेच पुढे असतात.

घुमट केवळ आरतीपुरते नाही. शिगम्यात सुंवारी वादनात ते असते, आणि ख्रिस्ती घरांत मांडो-दुलपदांना व्हायोलिनबरोबर त्याचीच साथ असते. दोन्ही समाजांच्या घरांत सारख्याच आपुलकीने वाजणारे असे दुसरे वाद्य गोव्यात सापडणे कठीण.

या वाद्यावर एक मोठे संकट येऊन गेले. पूर्वी घुमटाला घोरपडीचे कातडे लावत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले आणि ते कातडे वापरणे गुन्हा ठरले. घोरपड वाचायलाच हवी होती, यात वाद नाही. पण घुमट उघडपणे वाजवायचे कसे, हा प्रश्न उरला. हळूहळू बकऱ्याच्या कातड्याची घुमटे रूढ झाली. तोच नाद येत नाही, असे जुने वादक म्हणतात. तरी वाद्य कायद्याच्या चौकटीत आले, आणि 2019 मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला.

आता ठिकठिकाणी घुमट आरतीच्या स्पर्धा होतात, महिलांची पथकेही उतरतात. वादनाची तयारी त्यामुळे नक्कीच वाढली. पण स्पर्धेत वेळ ठरलेली, पथक निवडलेले आणि समोर परीक्षक. घरोघरच्या आरतीत तसे नसते. ज्याला ठेका धड येत नाही तोही कोपऱ्यात टाळ घेऊन बसतो आणि तिथेच शिकतो. शिवाय वर्षभर ज्याच्या उंबऱ्याला पाय लागला नाही, त्याच्याही घरी आरतीला जावे लागते. एखादे घर चुकवले तर ते वाड्यात सगळ्यांच्या लक्षात राहते.

वारसा जपायचा म्हणून घुमट संग्रहालयात ठेवता येईल, शाळेतही शिकवता येईल. पण नोकरीसाठी बाहेर गेलेली मुले चवथीला गावी येतात का, आणि आली तर रात्री घरोघर फिरायला त्यांना सवड असते का, यावर वाड्याचा हा वाद्यवृंद टिकायचा की नाही ते ठरेल. तुमच्या वाड्यावर अजून फेरी निघत असेल, तर यंदा कोण काय वाजवतो आणि कोणाकडून शिकला, एवढे तरी वहीत टिपून ठेवा.