ग्रंथालयातील विकी : उपयोग आणि मर्यादा

‘कंधार’ हा शब्द विषयतालिकेत घेताना ग्रंथपालाने प्रथम विचारावे की, कोणते कंधार? नांदेड जिल्ह्यातील कंधार हे राष्ट्रकूटकालीन नगर होय. तेथील किल्ला, जगत्तुंग समुद्र हा तलाव आणि तिसऱ्या कृष्णाच्या काळातील (इ. स. ९३९–९६७) संस्कृत शिलालेख अभ्यासकांस परिचित आहेत. अफगाणिस्तानातील कंदाहार हेही मराठी लेखनात अनेकदा ‘कंधार’ म्हणूनच येते. आणि तेथे १९५८ साली सम्राट अशोकाचा ग्रीक व अरामी अशा दोन भाषांतील लेख सापडला. ‘कंधारचा शिलालेख’ एवढेच लिहिले की या दोहोंत सुमारे बाराशे वर्षांची गल्लत व्हावयास वेळ लागत नाही. अशी गल्लत निस्तरण्याचे आणि पसरविण्याचेही एक नवे साधन आज ग्रंथालयांच्या हाती आले आहे. ते म्हणजे विकी.

विकी म्हणजे वाचकास स्वतः दुरुस्त करता येईल असे संगणकावरील पान. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये ते प्रथम सिद्ध केले. हवाई भाषेत या शब्दाचा अर्थ ‘लवकर’ असा आहे. विकिपीडिया २००१ मध्ये व मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. छापील खंडातील चूक पुढील आवृत्तीची वाट पाहते, विकीवरील चूक त्याच दिवशी काढता येते. शिवाय पानाचा प्रत्येक पूर्वपाठ ‘इतिहास’ या सदरात जपला जातो. पाठभेद नोंदविण्याची सवय असलेल्या पालीच्या अभ्यासकास या सोयीचे मोल वेगळे सांगावयास नको.

विकिस्रोत या भावंड प्रकल्पाचा उपयोग आम्हांस त्याहूनही मोठा वाटतो. तेथे मूळ पुस्तकाच्या पानाचे छायाचित्र एका बाजूस आणि टंकित मजकूर दुसऱ्या बाजूस असतो. एकाने तपासलेले पान दुसऱ्याने पुन्हा तपासल्यावाचून प्रमाणित होत नाही. धर्मानंद कोसंबी १९४७ साली निवर्तले. साठ वर्षांची मुदत संपून त्यांचे लेखन स्वामित्वहक्कातून मुक्त झाले आहे. विहाराच्या कपाटातील अशा जीर्ण प्रतींसाठी ही पद्धत वरदान आहे.

अडचणी मात्र खऱ्या आहेत. लहान ग्रंथालयात ग्रंथपाल एकटा असतो. ज्या पानावर कोणाचीच नजर नाही, तेथे चूक वर्षानुवर्षे सुखाने नांदते. विकीवरील चुकीचे विधान कोणी पुस्तकात उतरवितो, मग तेच पुस्तक विकीवर आधार म्हणून दाखविले जाते. आधाराचा हा भास उघड चुकीपेक्षा घातक होय. दुसरे असे की, विकिपीडियास प्रकाशित आधार लागतो. मराठवाड्यातील गावोगावच्या स्मरणिका, हस्तलिखित वह्या, वृद्धांच्या तोंडची माहिती त्या चाळणीतून गळून पडते. आणि नेमके तेच आमच्या भागातील धन आहे.

म्हणून आमचे मत असे की, मुख्य तालिका ग्रंथपालाच्याच हाती राहावी आणि स्थानिक माहितीसाठी ग्रंथालयाने स्वतःची विकी ठेवावी. मीडियाविकी ही प्रणाली विनामूल्य मिळते व एका इमारतीतील संगणकांवरही चालते. महापरिनिब्बान सुत्तातील चार महापदेसांचा दंडक येथे चपखल बसतो : ऐकलेले वचन एकदम स्वीकारू नये, धिक्कारूही नये; सुत्त व विनय यांच्याशी ताडून पाहावे. तद्वत प्रत्येक विधानापुढे ग्रंथाचा दाखल क्रमांक व पृष्ठ असावे, मौखिक माहिती असेल तर ती कोणी, कोणत्या दिवशी सांगितली हे लिहावे. निनावी दुरुस्ती घेऊ नये. वाचकाच्या सभासद क्रमांकावर ती नोंदली जावी. विजेचा भरवसा नाही तेथे बदललेल्या पानांची महिन्यातून एकदा छापील प्रत काढावी आणि तीही दाखल नोंदवहीत चढवावी.