नदीकाठचे पक्षी : नवी नोंद कोठे शोधावी?

(लेखांक ६)

नदीच्या एखाद्या ठरावीक पट्ट्यात आजवर खात्रीने आढळलेल्या जातींची यादी म्हणजे स्थानिक पक्षीसूची. तीत नवे नाव दाखल झाले की तो पक्षी तेथे नुकताच आला असावा असे सहज मानले जाते. परंतु पुष्कळदा तो पूर्वीही येत असतो, मात्र त्या जागी किंवा त्या दिवसांत पाहणारे कोणी नसते. म्हणूनच शोध घेणाऱ्याने आधी जुन्या नोंदी उलगडून त्यांतील रिकाम्या जागा हेराव्यात.

पहिली पोकळी जागेची. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर येथे गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी बंधारा बांधण्यात आला, त्याच्या फुगवट्यात गाळ साचून बेटे, उथळ पाणी व दलदल निर्माण झाली, आणि २०१९ मध्ये हे क्षेत्र रामसर करारानुसार, म्हणजे पाणथळ जागांच्या रक्षणासाठी १९७१ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, महाराष्ट्रातील पहिले स्थळ ठरले. मोकळ्या पाण्यावरील चक्रवाक, थापट्या, तलवार बदक ही मंडळी दुरूनही दिसत असल्याने सूचीत लवकर येतात. पाणकणीस व बोरूच्या दाटीत वावरणाऱ्या फटाकडीसारख्या लाजऱ्या पक्ष्यांसाठी मात्र पहाटे काठावर निश्चल बसून आवाजाकडे कान द्यावे लागतात.

काळाची पोकळी याहून मोठी असते. आशियाई पाणपक्षी गणना जानेवारीत होते, कारण तेव्हा हिवाळी पाहुणे एका जागी स्थिरावलेले असतात. पण काही चिखलपक्षी येथे मुक्काम न करता दक्षिणेकडे जाताना ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आणि परतताना मार्च-एप्रिलमध्ये थोडा काळच उतरतात. अशा वाटसरू स्थलांतरितांची नोंद जानेवारीतल्या गणनेत होणे अवघड, म्हणून त्यांच्या ये-जा करण्याच्या काळात पाणी उतरून चिखल उघडा पडला की काठावर जाणे हेच सर्वांत फलदायी ठरते.

तिसरी पोकळी ओळखीची. छोटा टिलवा आणि टेमिंकचा टिलवा एकाच चिखलात चरतात, पण पहिल्याचे पाय काळे, तर दुसऱ्याचे पिवळसर असतात. पाणलाव्यांचे प्रकरण याहून बिकट: साध्या पाणलाव्याच्या पंखाची मागची कड उडताना पांढरी दिसते, सूचीपुच्छ पाणलाव्याला ती ठळक कड नसते, आणि बसलेल्या पक्ष्यावरून हा निर्णय सहसा होत नाही. घाईने दिलेले नाव सूचीत शिरले की ते काढणे कठीण जाते. म्हणून संशय असेल तेथे केवळ ‘पाणलावा’ असे लिहिणे अधिक शास्त्रशुद्ध होय.

नव्या नोंदीसोबत तारीख, वेळ, नेमकी जागा, पाण्याची पातळी आणि छायाचित्र किंवा ध्वनिमुद्रण असावे. मात्र त्यासाठी बेटावरील घरट्यांजवळ जाणे सर्वस्वी अनुचित आहे, कारण नदीसुरयसारखे पक्षी उघड्या वाळूवर अंडी घालतात आणि माणसाच्या चाहुलीने ते उठले की अंडी उन्हात तापतात. ज्या फेरीत काहीच नवे आढळले नाही, तिचीही पूर्ण यादी जपावी. पुढे एखादी जात खरोखरच नव्याने आली, की आधीही होती, हे त्याच यादीवरून ठरवता येते.