झाडांचा सातबारा

चंद्रपूरहून ताडोब्याकडे निघालं की तिसेक किलोमीटरवर मोहर्ली लागतं. फाटकातून आत शिरलेल्या जिप्सीत सगळ्यांचे डोळे वाघ शोधत असतात, आणि तो दिसेपर्यंतचा वेळ गाईड झाडांवर काढतो. मगरीच्या पाठीसारख्या भेगाळ सालीचा ऐन, खोडात पाणी साठवणारा. पांढुरक्या, गुळगुळीत बुंध्याचा कडाया, चांदण्यात माणसाला दचकवतो म्हणून भुताचं झाड. कलीनं ज्याच्यात आसरा घेतला तो नळ-दमयंतीच्या कथेतला बेहडा. सांगण्यासारखं एवढंच नाही. गेल्या सत्तर वर्षांत यातलं कोणतं झाड कुणाच्या नावावर चढलं आणि कुणाच्या नावावरून उतरलं, हाही या जंगलाचा इतिहासच आहे.

१९५५ मध्ये ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं, तेव्हा हा चंद्रपूर, म्हणजे त्या वेळचा चांदा, जिल्हा मध्य प्रदेशात होता. १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य झालं आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. जंगल सरकारी मात्र त्याआधीच, इंग्रजी अमदानीत राखीव होऊन झालं होतं. आणि त्याच्याही आधी इथे देवांची वहिवाट होती. वाघाशी झुंजताना पडला आणि देव झाला असं सांगतात, त्या तारूचं ठाणं ताडोबा तलावाकाठी झाडाखाली आहे. पौषात तिथे जत्रा भरते. गोंडांचा पेरसापेन, म्हणजे बडादेव, ऐनाच्या झाडात वास करतो. ज्या झाडात देव, त्याला कुऱ्हाड लावायची नाही, हा इथला सर्वांत जुना वनकायदा.

सरकारी कायद्यानं झाडांची प्रतवारी वेगळी लावली. एका बाजूला साग, दुसऱ्या बाजूला बाकी सगळी ‘आडजात’. मोह, तेंदू, चारोळी, हिरडा, डिंक हा तर ‘गौण वनोपज’. घर चालायचं ते याच गौण मालावर, पण डेपोतला मान सागाचा. तो अजून टिकून आहे. २०२३ च्या मार्चमध्ये अयोध्येच्या राम मंदिरासाठी साग रवाना झाला तो याच जिल्ह्यातल्या बल्लारपूरच्या डेपोतून.

बांबूची कथा जास्त गुंतागुंतीची. सूप, टोपली, ताटवे विणणारा बुरड आणि कुडाच्या भिंती उभारणारा शेतकरी हे त्याचे जुने धनी. स्वातंत्र्याच्या सुमारास बल्लारपूरला कागद गिरणी उभी राहिली आणि बांबू ट्रकांनी तिकडे जाऊ लागला. वनस्पतिशास्त्रात बांबू गवत. १९२७ च्या वन कायद्यात मात्र तो झाडांत मोजलेला, म्हणून गावाला मनाई. २००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबू स्पष्टपणे गौण वनोपजात घातला. २००९ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, तरी विकलेला बांबू बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना वन खात्याच्याच हाती. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हवाली केलं. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासोबत गावानं अभ्यास करत, एकमतानं निर्णय घेत काढलेल्या वर्षांचं ते फळ होतं.

तेंदूचंही तसंच. १९६९ च्या कायद्यानं पानांचा व्यापार सरकारच्या ताब्यात गेला. मे महिन्यात भर उन्हात पानं तोडून पुडके बांधणारे हात गावाचे, लिलाव सरकारचा आणि माल ठेकेदाराचा. पुढे वनहक्क आणि पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा) या कायद्यांमुळे ग्रामसभा स्वतः लिलाव करू लागल्या. पण चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावनं हक्क हाती आल्यावर पानं तोडायचीच नाहीत असं ठरवलं. कोवळी पानं फुटावीत म्हणून झुडपं छाटतात, आगी लावतात. मग टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, धरत नाहीत आणि जंगलही होरपळतं. रोख पैसा सोडून गावानं बांबूवर भर दिला. झाडाची मालकी कशी निभवावी, याचा यापेक्षा चोख दाखला या भागात क्वचितच मिळेल.

उरला मोह. चैत्रात पहाटेच्या अंधारात टोपली घेऊन बाया त्याच्याखाली जातात. फुलं वाळवून भाकरीत, उकडून, दारूत, बियांचं तेल, लग्नाच्या मांडवात त्याची डहाळी. कायद्याला यातली फक्त दारू दिसली. दारूबंदी कायद्याखाली फुलं साठवायला, वाहून न्यायला निर्बंध आले. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. त्याच २०२१ मध्ये राज्यानं मोहफुलांवरचे निर्बंधही सैल केले. आता मोहाचे लाडू, सरबत, जॅम करणारे बचत गट दिसतात.

म्हणजे कागदावर एकेक झाड हळूहळू गावाकडे परत येत आहे. पण मोहर्लीत हा हिशेब सरळ सुटत नाही. गाभ्यातल्या जंगलातून फूलही उचलता येत नाही, आणि बफरमध्ये वाघ वाढले आहेत. वेचणारीनं फुलासाठी वाकावं तर तिची पाठ जंगलाकडे असते, आणि त्याच फुलांवर अस्वलही येतं. मोहाच्या हंगामात दर वर्षी हल्ल्यांच्या बातम्या येतात. गटानं जा, उजाडल्यावर जा, असं वन खातं सांगतं. पण उजाडेपर्यंत थांबलं तर फुलं हरणं-माकडं खाऊन जातात. वाघामुळे रिसॉर्टला, जिप्सीला, गाईडला पैसा मिळतो. त्यातला वाटा मोह वेचणारीच्या टोपलीपर्यंत कसा पोचवायचा, हे ठरवल्याशिवाय मोहाच्या सातबाऱ्यावर तिचं नाव चढलं असं म्हणता येणार नाही.