साप माणसाळतो म्हणजे नेमकं काय होतं?

तत्त्वज्ञानाच्या वर्गात साप नेहमी दोरीच्या सोबतीनेच येतो. रज्जुसर्प, अंधारात दोरीच्या जागी भासणारा. तो साप सांभाळायला फार सोपा, कारण त्याला ना खायला लागतं ना ऊब. आज मात्र आपण खऱ्या सापाबद्दल बोलणार आहोत, आणि तोही मोठा. अमेरिकेत, युरोपात बोआ कन्स्ट्रिक्टर घरात पाळणारे लोक आहेत, आणि आपले काही श्रोते तिकडेच राहतात. भारतातल्या श्रोत्यांसाठी एक गोष्ट आधीच सांगून टाकू. आपला अजगर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. तो घरात ठेवणं हा गुन्हा आहे. बोआ परदेशी असला तरी २०२२च्या दुरुस्तीनंतर त्याची सरकारदरबारी नोंद करावी लागते.

नवा बोआ घरी आला की पहिला प्रश्न ठरलेला: हा माणसाळेल का? आपण हा शब्दच जरा उलगडून पाहू. माणसाळणं म्हणजे माणसांत येणं. कुत्रा येतो, कारण त्याचे पूर्वज कळपात राहणारे. सोबतीची गरज त्याच्या रक्तातच आहे. बोआ एकटा राहणारा प्राणी. मादी पिल्लांना जन्म देते, अंडी नव्हे, आणि पिल्लं पहिल्या दिवसापासून स्वतःची स्वतः. ज्याच्या आयुष्यात मुळात नातंच नाही, त्याच्यात आपण कोणत्या नात्याने शिरणार?

आपल्याकडे म्हणतात, साप डूख धरतो. सुशिक्षित माणूस त्यावर हसतो. पण तोच माणूस बोआ गळ्यात घेऊन म्हणतो, "याला माझा लळा लागलाय." आमच्या मते ही एकच चूक आहे, फक्त उलट्या बाजूने केलेली. दोन्हीकडे आपण आपलंच मन सापात घालतो. घडतं ते साधं आहे: वारंवार हाताळूनही इजा झाली नाही, की साप घाबरायचं सोडतो. त्याला सवय होते. हे कमी नाही. पण ते प्रेमही नाही.

हा फरक केवळ शब्दांचा असता तर आम्ही वेळ घेतला नसता. याच्यावर सापाचं आणि कधी माणसाचंही भलंबुरं ठरतं. बोआ स्वतःच्या शरीरात पुरेशी उष्णता तयार करत नाही, ती त्याला बाहेरून घ्यावी लागते. म्हणून पेटीचं एक टोक साधारण ३१-३२ अंश सेल्सिअस आणि दुसरं २५-२६ ठेवायचं, दोन्हीकडे लपायला जागा, आणि उष्णतेवर थर्मोस्टॅट. थर्मोस्टॅट नसेल तर तापलेल्या पृष्ठभागावर साप भाजेपर्यंत पडून राहू शकतो. आणि पेटी गार असेल तर? साप मंदावतो, हलत नाही. मालक खूश, कारण साप "शांत" झाला! प्रत्यक्षात त्याला खाल्लेलं पचत नसतं, तो ते उलटून टाकतो, पुढे श्वसनाचे आजारही होतात. तोंड उघडं ठेवून श्वास घेणारा साप पशुवैद्याकडेच न्यायचा.

तेव्हा पहिले सात-आठ दिवस त्याला हात लावू नका. पाणी बदला, बाकी काही नाही. आलेल्या पाहुण्यांना दाखवायचा मोह तर टाळाच. मग पहिलं खाणं द्यायचं: गोठवलेला उंदीर पूर्ण वितळवून, कोमट करून, सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागापेक्षा जाड नसलेला. जिवंत उंदीर नको, तो सापालाच चावतो. दोन-तीन वेळा नीट खाऊन पचवलं की हाताळायला सुरुवात, तीही खाल्ल्यावर दोन दिवस सोडून. वाढ झालेल्या बोआला दोन ते चार आठवड्यांतून एकदाच खायला लागतं, त्यामुळे हाताळायला दिवस भरपूर मिळतात. डोळे दुधाळ निळसर दिसले तर थांबा. आपण "कात टाकली" असं कौतुकाने म्हणतो, पण कात टाकायच्या आधी त्याला नीट दिसत नसतं आणि तो बिथरलेला असतो.

उचलताना वरून डोक्याकडे हात न्यायचा नाही. घारही वरूनच येते. बाजूने, अंगाच्या मधल्या भागाखाली हात घालायचा, पाच-दहा मिनिटं, पुरे. त्याआधी सर्पमित्रांकडे असतो तसल्या हूकने अंगाला हलकेच स्पर्श करायचा. रोज हेच केलं की सापाला कळतं, आता खाणं नाही, उचलणं आहे. कारण पाळीव बोआचे बरेच चावे रागाचे नसतातच. पेटी उघडली, हाताला उंदराचा वास, ऊब जाणवली. त्याच्या हिशेबाने ते भक्ष्यच. हात आधी साबणाने धुवायचे, नंतरही धुवायचे.

आणि विळख्याबद्दल. बोआ श्वास कोंडून मारतो असं आपण शिकलो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत उंदरांवर दिसलं ते वेगळं: काही सेकंदांतच रक्ताभिसरण कोसळतं. म्हणून अडीच मीटरच्या पुढचा साप एकट्याने हाताळायचा नाही, तो कितीही वर्षांचा ओळखीचा असो. बोआ वीस-पंचवीस वर्षं सहज जगतो. ज्या मुलाने हौसेने आणला ते शिकायला दुसऱ्या गावी जाईल, तेव्हा ते दुसरं माणूस घरात कोण असणार आहे, हे साप आणण्याआधी विचारून घ्या. त्या दिवशी कोणी नसेल, तर पेटीचं दार उघडायचं नाही.